मानोऱ्याचं बिनतेलाचं चाक

मेडशीहून मानोऱ्याची एस.टी. मिळाली तेव्हा माझी लेक सुजाता मांडीवर फडक्यात गुंडाळलेली एक वाटी धरून बसली होती. तुम्ही म्हणाल, वाटीचं कसलं कौतुक! ऐका तर. नागपूरच्या कॉलेजात शिकताना तिनं ती चिनी मातीची घडवली होती आणि आतून ग्राफाइटचा थर भाजून बसवला होता. शिसपेन्सिलीत असते ना, तीच काळी पूड. कुंभाराच्या चाकाच्या पोटात ती बसवली की चाक तेलाशिवाय फिरणार होतं.

वाटेत पळस फुललेला. मानोऱ्यात, ज्याच्यासाठी ही वाटी होती तो गणपत कुंभार घ्यायला आला. जुनी वाटी झिजून त्याचं चाक डुलत होतं, गेल्या उन्हाळ्यात माठ वाकडे निघाले होते. हा उन्हाळा हुकला तर चाक विकून वीटभट्टीवर जायचं, हे त्यानं चालता चालताच सांगून टाकलं.

सुजातानं वाटी बसवली. मग भाकर, तुरीचं वरण आणि ठेचा असं जेवण झालं. आम्ही जेवत होतो तेवढ्यात गणपतच्या आईनं, हंगामाच्या पहिल्या माठाआधीची रीत म्हणून, खुंटीवर (जिच्यावर चाक फिरतं ती) तेल सोडलं. जेवून उठल्यावर गणपतनं फिरवलं, तर चाक आधी छान फिरलं, मग खरखरलं आणि थांबलं. गणपतचं तोंड उतरलं.

सुजाता मात्र शांत. "आजी, तेलाले मातीची धूळ चिकटते, मंग ते कानशीसारखं खरवडते."

"मंग माह्या चाकाले उपाशी फिरवू काय वं?"

"अंगाले लावा ना तेल, कुंकूही लावा. पोटात फक्त हे काळं."

म्हातारी हसली, म्हणाली, पोरगी वकील व्हायची होती. सुजातानं वाटी काढून पुसली, निखाऱ्याजवळ धरून तेल उडवलं, खुंटीचं टोकही पुसलं आणि सोबत आणलेली कोरडी पूड अंगठ्यानं वाटीत चोळून ती परत बसवली. गणपतनं दांड्यानं एकदाच चाक फिरवलं. आवाज नाही, डुलणं नाही. माठ सरळ वर आला. त्यानं दुसऱ्या माठाची माती लगेच घेतली.

माझ्या लहानपणी अशा चाकाला आमच्या लोकांचा हात लागलेला चालत नसे.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं सुजाताच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. सुजाता ती पदराखाली लपवायला लागली. मी पदर बाजूला केला.