काचेवरचं तेल

आमचं घर नंदुरबारला, मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांना लागून. हंगामात वारा सुटला की दारं लावली तरी लाल धूळ आत येते. वडिलांची छाती त्या धुळीनंच खाल्ली. आता नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. लाइट गेली की तेही बंद. म्हणून सोलर घ्यायचं ठरलं, बॅटरीसकट.

पॅनल निवडताना मी घरादाराचं डोकं खाल्लं. निळे पॉली स्वस्त, पण जागा जास्त अडवतात. काळे मोनो कमी जागेत जास्त वीज देतात. तिसरे दोन्ही अंगांनी ऊन घेणारे. खालचा स्लॅब पांढरा केला तर परतलेलं ऊनही कामी येतं. मी तेच घेतले. दुकानदाराला सावलीचं, उष्णतेचं, वॉरंटीचं सगळं विचारलं. मिरचीचं विचारलं नाही. डोंबलाचा अभ्यास!

आईचा जन्म पथारीवर देठ खुडण्यात गेला. हातांची आग होऊ नये म्हणून तिथल्या बायका आधी तेल चोळतात. एका सकाळी ती वाटी आणि फडकं घेऊन गच्चीवरून खुशीत उतरली.

"काचले तेल लावी दिधं. आते मिरची चिटकाव नही."

काचा लखलखत होत्या. मलाही बरं वाटलं.

मग वारा सुटला. मोबाइलवर विजेचा आकडा रोज उतरू लागला, मी ढगांना बोल लावत राहिले. एका दुपारी आई दळणाला गेली असताना लाइट गेली आणि पाठोपाठ बॅटरीही संपली. यंत्र केकाटू लागलं. वडिलांचे ओठ निळे पडले. मी गच्चीवर धावले. काचांवर तेलात बसलेला लाल थर नखानंही निघेना. खाली आले तोवर लाइट परतली होती, हे नशीबच.

"मायना तेलनी घात कया!" मी संतापून म्हणाले.

वडिलांनी माझं मनगट धरलं. "तुन्ही मायले सांगू नको. ती मरी जाई."

मी सांगितलं नाही. आई रोज काचांना मन लावून तेल लावते. ती उतरली की मी गुपचूप साबण घेऊन वर जाते.

उद्या मला दोन दिवसांसाठी सुरतला जावं लागणार आहे. सकाळपासून वारा आहे. आईनं तेलाची नवी बाटली फोडलीय.

"तू बिनघोर जाय," ती म्हणाली, "काचा मी देखी लिसू."