आत्याच्या काचा आणि साहेबांचा शोध

माझी आत्या अठ्ठावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत काचा तयार करते. बोटाएवढ्या पट्ट्या आम्लात धुवायच्या, वाळवायच्या, मग त्यांच्यावर रसायनाचा थर चढवायचा. काहींवर धन भाराचा, काहींवर ऋण भाराचा. घरी मात्र ती एका भांड्याला हात लावत नाही. ते खातं आतोबांकडे.

या काचांवर तिथले साहेब कार्बनच्या नळ्या सोडतात, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. नुसत्या पाण्यात त्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, म्हणून प्रत्येकीला साबणाचा लेप. लेपाचा भार ऋण, तेव्हा धन काचेला चिकटायचं आणि ऋण काचेपासून लांब राहायचं. विज्ञानात दोनदा नापास झालेल्या मलासुद्धा हे कळतं.

गेल्या वर्षी साहेबांच्या नळ्या दोन्ही काचांना चिकटल्या. नवा नियम सापडला म्हणून साहेब हवेत. लेख लिहायला बसले आणि आत्याला म्हणाले, "या वेळी लेखात तुमचंही नाव घालतो." तोवर तिचं नाव फक्त हजेरीपटावर लागलेलं. तिने ही बातमी आतोबांना तीनदा सांगितली, मला चारदा.

मग एका दुपारी तिने साहेबांना नळ्या सोडलेल्या काचा विसळताना पाहिलं. साध्या नळाखाली, भाजी धुवावी तसं.

"साबणच धुऊन काढला तर लेप राहतो कुठे?" घरी येऊन ती म्हणाली. "उघडी नळी समोर येईल त्याच्या गळ्यात पडते. याला नियम म्हणतात होय?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः नळ्या सोडून काचा विसळल्या, साबणाच्याच पाण्यात. नळ्या फक्त धन काचेवर राहिल्या. ऋण काच कोरी. दोन्ही तिने साहेबांपुढे ठेवल्या.

साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. "बाई, काचा तुम्ही छान करता. विचार करायचं काम आमच्याकडे राहू द्या."

"मग लेखात माझं नाव नको," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी ती रडली. मला साहेबांचा राग आला, आणि खरं सांगते, तिचाही आला. नाव राहू दिलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? तसं मी बोललेही.

"काचा माझ्या होत्या गं," ती म्हणाली.

लेख छापून आला. मी तो ओळ न् ओळ तपासला. दोन्ही काचा, नवा नियम, साहेबांचा फोटो, सगळं जसंच्या तसं. आत्याचं नाव तेवढं नव्हतं. अख्ख्या लेखात साहेबांनी ती एकच दुरुस्ती केली होती.