बिनमिठाचा भात

आमचा कुत्रा म्हातारा झालाय हे पहिल्यांदा त्याच्या पाणी पिण्यावरून कळलं. मोरीजवळचं भांडं रिकामं करून तो पुन्हा तेच चाटत बसे आणि मग अंगणात कुठेही मुतून ठेवी. इतकी वर्षं फाटकाबाहेर गेल्याशिवाय पाय वर न करणारा शहाणा कुत्रा तो. हळूहळू अंगावरचं मांस उतरलं, तोंडाला घाण वास यायला लागला, आणि एका सकाळी त्यानं पिवळं पाणी ओकून टाकलं.

कोपरखैरण्यात आमची बैठी घरं होती, एकाला एक चिकटलेली. पुढे जेमतेम अंगण आणि दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. घरात मी, नवरा आणि परभणीकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. नवरा महाप्याला कंपनीत पाळीवर जायचा, मी वाशीच्या एका ऑफिसात टायपिंग करायचे. भिंतीपलीकडे खाला राहायच्या. श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सोबत राहायचा, त्याचं पनवेलला कापडाचं दुकान.

कुत्रा आमचा, पण दुपारचं जेवण त्याचं खालांकडे. सासूबाई गावाहून येण्याआधी आम्ही दोघं दिवसभर बाहेर असायचो, तेव्हापासूनची ती पद्धत. खाला त्याला हात लावत नसत. त्याची लाळ लागली तर नमाजाआधी सगळं धुवावं लागे. म्हणून भिंतीवरून वाकून पत्र्याच्या ताटलीत वरूनच वाढायच्या. मासळीची डोकी, कालवणातला भात, भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. वाढताना त्याच्याशी बोलत राहायच्या, पोराशी बोलावं तसं.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "किडनी गेलीये. वयाचं आहे. बरं होणार नाही, पण खाण्याचं सांभाळलंत तर काही महिने नीट जातील." मीठ पूर्ण बंद. मटण, हाडं, सुकी मासळी बंद. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा किंवा दुधी, अंड्यातला पांढरा भाग, वर थोडं तूप. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

"आणि खाल्लं नाही तर?" नवऱ्यानं विचारलं.

"खाईल. भूक लागली की खाईल."

तो खाईना. मी वेगळं पातेलं काढलं, भात इतका शिजवायचे की त्याची पेज व्हायची, भोपळा कुस्करून त्यात घालायचे. तो नाक लावायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. कोमट करून दिलं, गार करून दिलं, हातानं भरवलं. भरवलेलं जिभेनं बाहेर ढकलून द्यायचा. नवऱ्यानं एकदा त्यातला घास स्वतः तोंडात टाकून बघितला आणि चूळ भरली. मला त्याचा राग आला, आणि रडूही आलं.

तरी ओकारी थांबली नव्हती, आणि तिला मासळीचा वास येत होता. दुपारी भिंतीवरून वाढणं चालूच होतं. खालांना आम्ही डॉक्टरांचं बोलणं सांगितलं होतं, पण घाईघाईत, येता-जाता. मऊ खायला द्या एवढंच बहुतेक त्यांच्या लक्षात राहिलं असावं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मुद्दाम त्यांच्या दारात गेले. "खाला, आता त्याला तुमच्याकडचं काही देऊ नका," असं म्हणाले. त्याचं कारणही सांगितलं, पण आधी हे वाक्य गेलं.

खाला दाराची कडी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं." आणि दार लोटलं.

त्या वर्षी या एका शब्दाचं वजन वेगळं होतं. खाडीपलीकडे मुंबईत दंगली झाल्याला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा खालांचे मुंबईतले नातेवाईक त्यांच्याकडे येऊन राहिले होते, मुलाबाळांसकट. आमच्या ओळीत दगडही पडला नाही, पण त्यानंतर ईदला खालांनी पाठवलेला शिरखुर्मा दोन-तीन घरांनी "आमच्याकडे आज उपास" म्हणून परत केला होता. आमच्याकडे सासूबाईंनी तो वाटी पुसून खाल्ला होता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी भिंतीपलीकडची खिडकी बंद. कुत्रा भिंतीखाली जाऊन बसायचा, वर तोंड करून बारीक आवाज काढत. आमचा भात तसाच सुकायचा. सासूबाई हे दिवसभर बघत होत्या. संध्याकाळी मी चप्पल काढतेय तोवर म्हणाल्या, "तिला लई लागलंय."

"आई, मी त्याच्या तब्येतीसाठी म्हणाले."

"मला ठावं हाय. पण माझ्या हातचं नको, हे आयकायला कसं लागतं ते मला इचार." मग त्यांनी गावची गोष्ट सांगितली. पाटलाचं कुत्रं गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत यायचं. सासूबाई तेव्हा नव्यानं नांदायला आलेल्या, उरलेली भाकर त्याला घालायच्या. एक दिवस पाटलाचा गडी आला नि म्हणाला, तुमच्या भाकरीला तोंड लावलं म्हणून मालक आता कुत्र्याला वसरीवर येऊ देत नाहीत, परत घालू नका. "कुत्र्याला काई कळलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "ते दुसऱ्या दिशी पुन्हा आलं. म्या दार लावून घेतलं."

मी पुन्हा खालांकडे गेले. या वेळी सासूबाईही आल्या आणि सरळ त्यांच्या पायरीवर बसल्या. मी सगळं सावकाश सांगितलं, किडनीचं, मिठाचं. तो आमच्या हातचं खात नाही, उपाशी मरेल, तुमच्या हातचं खाईल, तर डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच तुम्ही त्याला वाढाल का, असं विचारलं.

खाला पदराचं टोक चिमटीत धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि उद्या त्याला काय झालं तर? म्हातारीनं काहीतरी घातलं, असंच म्हणतील ना? आताच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"नळ माझ्या खिडकीखाली आहे, पोरी. मला सगळं ऐकू येतं. कुत्रा ओकतो तो माझ्या खाण्यानं, असं टोकाच्या घरातली बाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तू दारात आलीस, देऊ नका म्हणून."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. नळावर माझं जाणं नव्हतं, पाणी सासूबाई नाहीतर नवरा भरायचा. मी तसं मनातही आणलं नव्हतं, हे त्यांना कसं पटवायचं? मी एवढंच म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, खाला."

"तुला नसेल," त्या म्हणाल्या. "पण म्हणालीस ते तेच."

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला मी गेले. ओळीच्या टोकाची ती बाई म्हणजे कुणाच्याही बाळंतपणाला धावून जाणारी. सगळ्यांसमोर तिला सांगितलं की कुत्र्याची किडनी गेलीये, वयानं गेलीये, डॉक्टरांनी रक्त तपासलंय. ती हंडा उचलत म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं? आपलं सावध असावं, इतकंच." बाकीच्या बायका नळाच्या धारेकडे बघत राहिल्या.

खाला शेवटी तयार झाल्या, पण अट घालून. शिजवायचं त्यांच्या घरात नाही. आमच्या अंगणात, आमच्या स्टोव्हवर, आमच्या भांड्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे काय पडतंय ते. मी म्हणाले, याची काही गरज नाही. त्या म्हणाल्या, "तुला नाही. मला आहे."

डॉक्टरांना विचारून आलो होतो की ताजी मासळी, अगदी थोडी, बिनमिठाची उकडलेली चालेल. खाला आठवड्यातून दोनदा लहान मांदेली नाहीतर बोईट आणायच्या, त्याचं पाणी करून तेवढंच भातावर घालायच्या. भोपळा सासूबाई चिरून द्यायच्या. मी घरी असले की बघायचे, दोघी म्हाताऱ्या स्टोव्हशी बसलेल्या, आणि रस्त्यानं कुणी गेलं की खाला पातेल्यावरचं झाकण मुद्दाम बाजूला करायच्या. ते बघवत नसे.

कुत्रा खायला लागला. सगळं नाही, अर्धं. पण ओकाऱ्या कमी झाल्या, डोळ्यांत जरा तेज आलं, थंडीत तो फाटकापर्यंत चालत जाऊन यायचा. नवरा म्हणायचा, बघ, सुधारला. माझ्या हाताला त्याच्या पाठीचा कणा लागायचा. तूप वाढवलं, भात घटवला, दुधी नकोसा झाला तेव्हा रताळं घातलं. प्रत्येक बदल थोडे दिवस चालायचा, मग तो ताटलीपाशी जाऊन नुसताच उभा राहायचा.

उन्हाळा चढला तसं त्यानं खाणं सोडलं. मासळीचं पाणीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, आता जबरदस्ती करू नका. भर दुपारी गेला, मी ऑफिसात होते. सासूबाई त्याच्यापाशी होत्या, आणि खाला भिंतीच्या त्या बाजूला उभ्या होत्या. नवऱ्यानं आणि शेजारच्या दोघांनी त्याला खाडीकडच्या मोकळ्या जागेत पुरलं.

संध्याकाळी ओळीच्या टोकाची बाई आली. वाईट वाटलं म्हणाली, डोळ्याला पदर लावला. मग हळूच विचारलं, "शेवटी काय खाल्लं होतं त्यानं?"

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काई न्हाई. पाण्याबिगर काई गेलं न्हाई पोटात. तुला अजून काय इचारायचं असंल तर मोठ्यानं इचार, तिलाबी आयकू जाऊ दे."

ती उठून गेली. पलीकडे खिडकी उघडीच होती.

पावसाळा संपल्यावर खालांच्या मुलानं घर विकलं आणि ते पनवेलला राहायला गेले. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खालांना विचारलं, "इथं त्रास झाला म्हणून जाताय का?"

"नाही गं. मुलाला दुकान जवळ पडेल." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

मी ते मान्य केलं. सासूबाईंनी केलं नाही. टेम्पो वळल्यावर म्हणाल्या, "दुकान आधीबी तिथंच व्हतं."

पुढच्या ईदला आम्ही दोघी पनवेलला जाऊन आलो. खालांनी आग्रह करकरून वाढलं, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, नवीन शेजाऱ्यांचं सांगितलं. सगळे आपल्यातलेच आहेत, म्हणाल्या. कुत्र्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. निघताना त्यांनी सासूबाईंच्या पिशवीत डबा घातला, आणि बसमध्ये सासूबाई तो मांडीवर धरून बसल्या, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी.