शेजारच्या मशीनमनचे कान

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला अख्खी इमारत मशीनमन म्हणते. छत्तीस वर्षं त्याने छापखान्यात ऑफसेट मशीन चालवलं आणि त्या मशीनने त्याचे कान खाल्ले. माझे कुणी खाल्ले ते कळलं नाही, कारण मी विमा कंपनीच्या दावे विभागात असतो आणि तिथे फाईल मिटल्याचाही आवाज येतो. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना माझ्या दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं बसली. मशीनमनला आठच दिवस आधी, त्याच दवाखान्यात, कान तपासणाऱ्या त्याच बाईंनी, अगदी तीच यंत्रं बसवली होती.

फरक एकाच गोष्टीत होता. आजूबाजूचा गोंगाट दाबायची सोय या यंत्रांत असते. ती बंद, कमी, मध्यम किंवा जास्त ठेवता येते. बाई म्हणाल्या, "यात बरोबर-चूक काही नसतं. ज्याला जे बरं वाटेल ते."

मला असं मोघम बोलणं चालत नाही. मी चौदा दिवसांचा तक्ता केला. ऑफिस, बसथांबा, लिफ्ट, बँक आणि दिवाणखाना अशा पाच जागा आणि प्रत्येक जागेला दहापैकी गुण. 'जास्त'ला सत्तेचाळीस मिळाले. प्रश्न मिटला. पंखा, रस्ता, वरच्या मजल्यावरचं खुर्ची ओढणं, सगळं शांत.

मशीनमनने तक्ता वगैरे केला नाही. तो बाईंना म्हणाला, "सोय बंद करून टाका. काय दाबायचं ते माझं मी बघतो." छापखान्यात म्हणे तो चहा पिता पिता, मशीनकडे पाठ करून, कुठला रोलर कोरडा पडलाय ते सांगायचा. मालक आधी हसायचा आणि मग मशीन थांबवून बघायचा. ही गोष्ट मला मशीनमनने नाही, माझ्या बायकोने सांगितली. तिला अशा खूप गोष्टी माहीत आहेत. त्याच्या पहिल्या पगाराचे बूट, एका लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वराच्या बहिणीचं नाव छापलं गेलं ती फजिती, बायको गेल्यावर त्याने शिकलेला भात.

माझ्याशी ती मथळ्यांत बोलते. "गॅस आला." "ताईचा फोन." आणि दारात त्याच्याशी सविस्तर बातमी, हातवाऱ्यांसकट. मी पेपर आडवा धरून बघायचो. आवाज येत नव्हता, पण तिचं हसणं दिसत होतं, आणि ते माझ्या वाट्याला कधीपासून आलेलं नाही याचा हिशेब मला पाठ होता. शिवाय तो तिला वहिनी म्हणतो आणि मला साहेब. म्हणजे नातं तिच्याशी, माझ्याशी नुसती ओळख.

शेवटी मी दवाखान्यात गेलो. "माझी यंत्रं मशीनमनसारखी करून द्या," म्हटलं.

"त्यांची आवड ती त्यांची. तुमच्या तक्त्यात तर 'जास्त' पहिलं आलं होतं," बाई म्हणाल्या. तक्ता त्यांनी पुन्हा वाचला. "घरी तुमची बायको जास्त वेळ कुठे असते?"

"स्वयंपाकघरात."

"ते यात नाही."

मी स्वतः आखलेल्या तक्त्यात रकाना राहून गेला होता! दुसऱ्या कुणाच्या दाव्याच्या अर्जात असा रकाना रिकामा असता तर मी अर्ज परत पाठवला असता. बाईंना म्हटलं, "बंदच करा."

पुढचे तीन दिवस काय सांगू. फ्रिज घुरघुरत होता. मिक्सर डोक्यात फिरत होता. बसथांब्यावर तर जग माझ्यावर वसकन ओरडलं. संध्याकाळी कपाळ धरून बसायचो, पण यंत्रं काढत नव्हतो. त्याला जमतं आणि मला जमत नाही म्हणजे काय?

चौथ्या दिवशी रविवार होता. बायकोने मशीनमनला बोलावलं होतं, कपडे धुण्याचं मशीन वेगळंच वाजत होतं म्हणून. मी त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. त्याने मशीनवर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"पट्टा नाही, वहिनी. बेअरिंग गेलंय."

"मला वाटलंच," ती म्हणाली. आमच्याकडे पाठ, हातात भांडी, नळ धो धो. "ह्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, हो, छान."

मशीनमन खो खो हसला.

"छान नव्हतो म्हणालो," मी म्हणालो. "बरं म्हणालो होतो."

तिने झटकन नळ बंद केला आणि वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्याशी बोलायचं म्हणजे ती नळ बंद करते, हात पुसते, समोर येते. एवढा खटाटोप करून कोण लांबलचक बोलेल? त्याच्याशी बोलताना पाणी चालूच असतं.

"नळ चालू दे," मी म्हणालो. "भांडी घासता घासता बोल."

"काय बोलू?"

"तुझं जे चाललं होतं ते."

तिने खांदे उडवले, नळ सोडला आणि पाठ फिरवून काहीतरी म्हणाली. 'डोळे' एवढं कळलं, बाकी सगळं पाण्यात गेलं.

"वहिनी म्हणतायत की—" मशीनमनने सुरुवात केली.

"तुम्ही नका सांगू." मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. 'हो, छान' जिभेवर आलंच होतं, ते गिळलं. "मला अर्धंच कळलं. परत सांग."

तिने सांगितलं, नळ तसाच ठेवून. "उद्या डोळे दाखवायला जायचंय. थेंब घातले की परत येताना अंधुक दिसतं, रस्ता ओलांडायची भीती वाटते."

"मी येतो की वहिनी," मशीनमन म्हणाला. "घरी बसून मला काय काम?"

"मी आहे ना," मी म्हणालो. "रजा टाकतो."

"तुम्ही? सोमवारी?" तिचे हात थांबले.

"सोमवारी. किती वाजता?"

"अकराला."

"अकराला, साहेब," मशीनच्या मागे स्क्रू काढत बसलेला मशीनमन म्हणाला, मला कळलं नसेल तर म्हणून.

"ऐकलं मी," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.