संडासाच्या खिडकीतले ब्रश

दात घासायचा ब्रश कसा ठेवावा, हे मी दरवर्षी तिसरीच्या पोरांना शिकवते. धुवायचा, झटकायचा, डोकं वर करून उभा ठेवायचा, वारं लागू द्यायचं, संडासापासून लांब. एकाचा दुसऱ्याला लागू द्यायचा नाही. पोरं मुकाट्यानं घोकतात. आणि दरवर्षी हे शिकवताना मला सोनपेठची घरमालकीण आठवते आणि माझं डोकं फिरतं.

बदली होऊन आम्ही तिथं गेलो तेव्हा लेक पाच वर्षांची होती. खोली शाळेतल्या एका सरांच्या ओळखीनं मिळाली. आमच्या आडनावावरून काही पत्ता लागत नाही, त्यामुळं घरमालकीण काकूनं गाव विचारलं, माहेर विचारलं, आडनाव पुन्हा विचारलं. मी तेवढंच सांगितलं. मोरी सामाईक होती, जिन्याखाली. तिथल्या फळीवर काकूच्या घरातले पाच ब्रश एका स्टीलच्या पेल्यात कोंबलेले, तोंडाला तोंड लावून, आणि पेल्याच्या बुडाला काळं पाणी. शेजारी आमच्या तिघांचे एका कपात. पहिले आठ दिवस काकू लय गोड. लेकीला बोलावून गरम धपाटे काय द्यायची, माझ्या केसांचं कौतुक काय करायची.

नवव्या दिवशी मी भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला. काकूनं दारातूनच बघितला आणि खाली निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर आमचा कप नव्हता. शोधला, तर संडासाच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीला टेकून. मी विचारायला गेले. काकू तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"मॅडम, तुमी तर शिकलेल्या हायत. एकाचा बरश दुसऱ्याला लागला की रोगराई पसरायलीय म्हणं. येगळेच बरे."

माझाच धडा माझ्या तोंडावर मारला बाईनं! तिचे पाच एकमेकांना चिकटलेले चालत होते. जंतू काय ते फक्त आमच्याच ब्रशांना. मी कप पुन्हा फळीवर ठेवला, तो पुन्हा खिडकीत गेला. तीन दिवस हेच चाललं. नवरा म्हणाला, दुसरी खोली मिळेपर्यंत तोंड बंद ठेव. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं. कप उचलून आमच्या खोलीत आणला.

लेकीनं विचारलंच, आपले ब्रश तिकडं का ठेवले होते? मी तिची वेणी घालत होते, शाळेची घाई होती. मी म्हणाले, जंतू लागतात. कुणाचे कुणाला, असं तिनं विचारलं.

"आपले त्यांना," मी म्हणाले, आणि रिबीन बांधली.

आता परभणीत आमचं स्वतःचं घर आहे. ब्रशाचा स्टँड मी स्वतः उभी राहून बसवून घेतला, संडासापासून लांब, उजेडात. परवा सुट्टीत लेकीची मैत्रीण राहायला आली. सकाळी तोंड धुवायला गेले तर स्टँडमध्ये एकटा तिचा ब्रश. आमचे तिन्ही संडासाच्या खिडकीत, एका कपात, नीट उभे. लेक आता दहा वर्षांची आहे. बाजूला घेऊन विचारलं तर तिनं सरळ सांगितलं, तूच म्हणली होतीस ना मम्मी, आपले जंतू त्यांना लागतात.

इतकी वर्षं मी त्या काकूला शिव्या घालत आले. अजूनही घालते, मेलीला सोडणार नाही. पण हे वाक्य काकूचं नव्हतं. मी तिन्ही ब्रश धुतले, मैत्रिणीच्या ब्रशाशेजारी लावले आणि लेकीला सांगितलं, मी तेव्हा खोटं बोलले होते, आपले जंतू काही वेगळे नसतात.

तिनं विचारलं,

"मग मी शाळेत डबा खाताना पाण्याची बाटली सगळ्यांपासून लांब ठेवते, ते?"