विसळलेली टाकी

आमच्या तुळजापुरातल्या घरासमोर वडिलांची जुनी पेट्रोल गाडी उभी असते. आईला दुसरं वाहन सोसत नाही. एसटीत बसली की घाट यायच्या आधीच तिला उलट्या सुरू होतात. या गाडीची पुढची त्रिकोणी काच फिरवली की तोंडावर वारा येतो आणि ती गप्पा मारत जाते. गेल्या वर्षी तामलवाडीहून निरोप आला, मावशीनं अंथरूण धरलंय, पण बोलतेय, बहिणीची वाट बघतेय. नेमकी तेव्हाच गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. टाकीला आतून गंज चढला होता आणि त्याचा चुरा पेट्रोलबरोबर पुढं जात होता.

मी रिक्षा करू म्हणालो.

"दोन-चार दिवसांनी काय बिघडतंय? आपल्याच गाडीनं जाऊ," आई म्हणाली.

मिस्त्रीनं टाकी रिकामी करून अंगणात आणून ठेवली. साफ कशानं करायची यावर गल्लीत जितकी तोंडं तितकी मतं. पण माझे वडील पुजारी, जन्मभर देवाची तांब्या-पितळेची भांडी घासलेली. ते म्हणाले, "चिंचंपुढं गंज टिकत न्हाय." मिस्त्रीनंही मान डोलावली. चिंचेचा कोळ, दोन मुठी खडी आत टाकून आम्ही टाकी दोन्हीकडून धरून अशी खुळखुळवली की शेजारी चौकशीला आले. संध्याकाळी बॅटरी मारून पाहिलं तर आतला पत्रा लख्ख. मिस्त्रीनं आत स्पिरिट फिरवलं, हवा मारून टाकी कोरडी केली. मी शाळेत मास्तर, म्हणून मला गुरुजी म्हणत त्यानं बजावलं,

"आता रातभर ऱ्हाऊ द्या. सकाळी परत गंजू नये म्हणून आतून लेप सोडतो. पर गुरुजी, पाण्याचा टिपूस बी नको, न्हायतर लेप धरायचा न्हाय."

सकाळी तो आला, झाकण काढलं आणि माझ्याकडं बघत राहिला. आत पुन्हा तांबडं. पुन्हा चिंच, पुन्हा खडी, पुन्हा स्पिरिट. दुसऱ्या सकाळीही तेच. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. मी दवावर संशय घेतला, मग स्पिरिटवर, मग मिस्त्रीवर. शाळेत एकाच वर्गाची हजेरी दोनदा घेतली. मिस्त्री म्हणाला, "आजवर लई टाक्या केल्या गुरुजी, असलं बघितलं न्हाय." तिकडं आईची पिशवी भरून दारामागं टांगलेली होती. ती दिसली की मला उगाच अपराधी वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली म्हणून अंगणात गेलो. वडील आंघोळ करून टाकीजवळ बसले होते. तांब्यानं आत पाणी ओतलं, खळखळून विसळलं, टाकी उपडी करून निथळली आणि बाहेरून पंच्यानं नीट पुसली. रोज पूजेआधी ताम्हन-पळी विसळतात, अगदी तसंच.

"दादा, काय करताय तुम्ही?"

"रातचं भांडं पारोसं. तसंच वापरायचं व्हय?"

"मिस्त्री पाणी नको म्हणाला होता ना? तुम्ही तिथंच होता."

"आत पाणी ठिवू नका म्हणाला. इसळू नका कुठं म्हणाला?"

मी रागानं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. दादांना मात्र आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं. "तुझी आई बसणार हाय त्यात," ते हळूच म्हणाले. मग त्यांना ओरडायचं कसं, तेही मला कळेना.

त्या दिवशी परत सगळं केलं आणि टाकी माझ्या खाटेखाली ठेवली. दुसऱ्या सकाळी लेप लागला, तो वाळल्यावर आम्ही निघालो. गाडी कुठंही अडखळली नाही. दादा मागच्या सीटवर ताठ बसले होते.

तामलवाडीत ते गाडीजवळच थांबले. आत मावशीनं आईकडं बराच वेळ पाहिलं आणि सुनेला विचारलं, "ह्या बाई कोण?"

सून डोळे पुसत म्हणाली, "परवापातूर तुमचंच नाव घेत हुत्या."

आई तासभर तिचा हात धरून बसली. मी मनात दिवस मोजत होतो. दोष दादांच्या तांब्याला द्यावा, रिक्षा न आणणाऱ्या मला द्यावा की कोणालाच नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

परत गाडीत बसताना दादांनी आईला विचारलं, "बोलली का गं?"

"लई बोलली," आई म्हणाली, आणि त्रिकोणी काच आपल्याकडं फिरवली.