कुंडीला ऊन

बाबांच्या डायलिसिससाठी मी आठवड्यातून तीनदा नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात बसायचो. तिथेच एक वयस्कर गृहस्थ दिसायचे. गळ्यात दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. त्यांच्या बायकोचं डायलिसिसही त्याच वेळी असायचं. नाव मी कधी विचारलं नाही.

काउंटरशेजारच्या भिंतीवर सरकारी विमा योजनेचा बोर्ड होता. कार्ड असलेल्या रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असं त्यावर ठळक लिहिलेलं. लावणं सक्तीचं म्हणून लावला होता, आणि त्याच्यापुढे माणसाएवढ्या झाडाची कुंडी ठेवली होती. आल्याबरोबर हे गृहस्थ दुपट्टा कमरेला बांधत, कुंडी खिडकीशी ओढत नेत आणि तिला घोटभर पाणी घालत. पुढच्या खेपेला ती पुन्हा बोर्डापुढे असायची.

सिक्युरिटीवाला एकदा वैतागला. "बाबाजी, रोज काहून सरकवता?"

"झाडाले ऊन नको का गा?"

"प्लास्टिकचं आहे ते."

"बोर्ड तरी तुमी कुठं खरा मानता? तरी लावलाच ना. तसंच मी पानी घालतो."

तेवढ्यात पैसे भरायला निघालेली, मौदा गावाहून आलेली एक बाई बोर्डापाशी थांबली. तिने तो सगळा वाचला, पैसे परत पर्समध्ये ठेवले आणि कार्ड काढलं. काउंटरवरच्या माणसाने ते मुकाट्याने घेतलं.

पुढे त्या गृहस्थांच्या बायकोच्या डायलिसिसची सोय गावाजवळच झाली आणि ते यायचे थांबले. आता कुंडी बोर्डापुढून हलायची नाही, असं मनाशी धरूनच मी त्या दिवशी गेलो.

कुंडी खिडकीशी होती. सिक्युरिटीवाला इकडेतिकडे बघत तिला पाणी घालत होता.